महानगराच्या पुस्तकांत आमची खोली कुठे आहे?

मुंबईवर पुस्तक लिहिणे हा गेल्या वीसेक वर्षांत चांगला चालणारा उद्योग झाला आहे. मुखपृष्ठावर लोकलची गर्दी नाहीतर झोपडपट्टीचे पत्रे. आत टोळीयुद्ध, डान्सबार, बिल्डर, पाऊस. आणि शेवटी शहराच्या 'स्पिरिट'ला सलाम. कादंबरी असो की रिपोर्ताज, मसाला तोच. एक साधा प्रश्न मात्र लिहिणारा विचारत नाही आणि त्याची समीक्षा करणाराही विचारत नाही. या शहरात माणूस कुठे राहतो, कोणते काम करतो, त्याला भाड्याने खोली कोण देतो आणि कोण नाकारतो, हे ठरवण्यात जातीचा वाटा किती?

सुकेतू मेहता यांचे 'मॅक्झिमम सिटी' २००४ साली आले. पुस्तक ताकदीचे आहे, हे आम्ही नाकारत नाही. त्यात शिवसैनिक आहेत, गुंड आहेत, पोलीस आहेत, बारमध्ये नाचणारी मुलगी आहे, सिनेमावाले आहेत. सर्वस्व सोडून दीक्षा घेणारे हिऱ्याच्या व्यापारातले एक जैन कुटुंबही आहे. संन्यास घेणाऱ्या श्रीमंत घराला त्यात ऐसपैस जागा मिळाली. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या, वस्त्यावस्त्यांत वर्गणी काढून विहार बांधणाऱ्या या शहरातल्या लाखो माणसांच्या वाट्याला मात्र एक प्रकरणही आले नाही. धर्मांतर हा या शहराच्या 'कल्चर'चा भाग नाही काय?

मग २०१२ साली कॅथरीन बू यांचे विमानतळाशेजारच्या अण्णावाडीवरचे पुस्तक आले आणि जगभर गाजले. त्यांनी तीन वर्षांहून जास्त काळ वस्तीत जाऊन काम केले. त्या मेहनतीपुढे आमच्याकडच्या अनेक पत्रकारांनी मान खाली घालावी. त्यात जात येत नाही असे नाही, पण ती येते पात्राची ओळख करून देण्यापुरती. पुस्तक उभे आहे ते गरिबी आणि भ्रष्टाचार या दोन खांबांवर. भंगार वेचणारी मुले तिथे गरीब म्हणून दिसतात. भंगाराचे आणि कचऱ्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या हाती दिले गेले, हा प्रश्न पुस्तकाच्या मध्यभागी येत नाही.

आता दया पवारांचे 'बलुतं' काढा. साल १९७८. मुंबईतला कावाखाना, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसे, रस्त्यावरून कागद-चिंध्या गोळा करून घर चालवणाऱ्या आमच्या बाया. जगाला २०१२ मध्ये भेटलेले भंगार मराठी वाचकाला चौतीस वर्षे आधीच भेटले होते, आणि तेही जातीसकट. 'बलुतं' इंग्रजीत यायला २०१५ साल उजाडले, जेरी पिंटो यांच्या अनुवादातून. म्हणजे सदतीस वर्षे! या काळात मुंबईवर किती इंग्रजी पुस्तके आली, हे कोणत्याही मोठ्या दुकानात जाऊन मोजा. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' त्याहूनही जुनी, १९६३ ची. नोकरीसाठी शहरात आलेला माणूस डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो आणि कळल्यावर मार खातो. आज मारत नाहीत. आडनाव विचारतात, मग 'तुम्ही नॉनव्हेज खाता का' असे विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी एजंट फोन उचलत नाही. आमच्या ओळखीतल्या शिकलेल्या, पगारदार मुलामुलींचा हा अनुभव आहे. महानगरी जीवनावरच्या नव्या कादंबऱ्यांत फ्लॅट शोधण्याचे प्रसंग भरपूर असतात. एजंटाचा हा न उचललेला फोन क्वचितच असतो.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, खेड्यात माणसे मारली जात असताना शहरी पुस्तकांची चर्चा ही चैन आहे. आम्हाला हे पटत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवावर घणाघाती टीका केली, हे आपण सगळे सांगतो. पण म्हणून शहर जातमुक्त असते असे त्यांनी मानले नव्हते. परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिलेला माणूस तसे कसे मानेल? गिरणीत साचाखात्यात जास्त मजुरी होती आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला. यंत्र विलायतेचे, कारखाना आधुनिक, आणि विटाळ जुनाच. गाव सोडल्याने श्वास मोकळा झाला हे खरे, आणि शहराने त्याच माणसाला दुसऱ्या खात्यात उभे केले हेही तितकेच खरे. ही दुहेरी गोष्ट सांगणारे पुस्तक आम्हाला हवे आहे.

अशी पुस्तके येत आहेत. जुनैद शेख यांचे 'आउटकास्ट बॉम्बे' (२०२१) हे घरांच्या योजना, कामगार चळवळ आणि दलित साहित्य एकत्र ठेवून दाखवते की शहर घडताना जात विरघळली नाही, तिने नवे रूप घेतले. आमच्या मते अभ्यासवर्गात ते प्रकरणवार वाचले पाहिजे, आणि ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी बाकीच्यांना मराठीत सांगितले पाहिजे. योगेश मैत्रेय यांचे 'वॉटर इन अ ब्रोकन पॉट' (२०२३) हे नागपूरच्या वस्तीतून विद्यापीठांपर्यंत आलेल्या आपल्याच पिढीतल्या मुलाचे आत्मकथन आहे. शहरातले एकटेपण, प्रेम, पैशांची चणचण, इंग्रजीची भीती, सगळे त्यात आहे. काही ठिकाणी ते लांबते. तरी वाचा.

आणि आता निकडीचे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. मोठे घर मिळते आहे, ते आमच्या माणसांना मिळालेच पाहिजे. चाळीच्या आठवणींचे उमाळे ज्यांना येतात त्यांनी सामाईक संडासाच्या रांगेत एक महिना काढावा. पण १९७४ ची वरळीची दंगल ज्या जिन्यांवर आणि गच्च्यांवर घडली, पँथरच्या सभांना पोरे जिथून निघाली, १४ एप्रिलच्या रात्री जिथे जलसे रंगले, ते पत्ते नकाशातून जात आहेत. ती पाहिलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. उद्या चाळींवर जाडजूड, गुळगुळीत छायाचित्रांची पुस्तके निघतील. त्यात दहीहंडी असेल, पापड वाळत घातलेले असतील.

मोबाईल सगळ्यांकडे आहे. येत्या रविवारी आपल्या इमारतीतल्या एका आजी-आजोबांसमोर तो ठेवा आणि विचारा: कोणत्या साली आलात, कोणत्या गावाहून, खोली कोणाच्या ओळखीने मिळाली, गिरणीत कोणते खाते होते, नळावर पाणी भरताना कधी भांडण झाले होते का. उत्तर त्यांच्याच भाषेत उतरवून घ्या, प्रमाण मराठीत 'सुधारू' नका. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलवर हजारो माणसे वीस-पन्नास रुपयांच्या पुस्तिका विकत घेतात. अशा दहा मुलाखतींची पहिली पुस्तिका तिथे ठेवता येईल.