बोलण्याची साक्ष

तेलगावच्या चौकात, जेथे बीडहून परळीकडे जाणारा रस्ता माजलगाव-धारूर रस्त्यास मिळतो, कोणासही विचारावे की माणसाचे डोके ठिकाणावर नाही हे त्याच्या बोलण्यावरून ओळखता येते काय, तर तो बिनदिक्कत होकार देईल. आणि संगणकास बोलणे ऐकवून रोगाचा दाखला मिळवू पाहणारे आधुनिक पंडितही, आश्चर्य असे की, याच पक्षाचे आहेत.

हा पक्ष सर्वस्वी निराधार नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेस वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळवून दिले, त्यांतील बोलणाऱ्या मुलांत ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परतवण्याची व स्वतःस ‘तू’ म्हणण्याची लकब ठळक होती. मराठीत सर्वनाम बहुधा गाळले जात असल्यामुळे ही लकब क्रियापदाच्या प्रत्ययात दडून बसते. तहानलेले मूल ‘पाणी पितोस का?’ हे आईचेच वाक्य आईच्याच स्वरात म्हणते. छिन्नमनस्कतेचा प्रकार निराळा. तेथे एकेक वाक्य शुद्ध असूनही त्याचा पुढच्याशी सांधा निखळतो, कधी कोणास न कळणारे शब्द घडवले जातात, तर कधी बोलणे आटून हुंकारावर येते.

इतके मान्य करूनही पूर्वपक्षाचा निष्कर्ष टिकत नाही. नॅन्सी अँड्रीसन यांनी १९७९ मध्ये विस्कळित बोलण्याच्या प्रकारांच्या व्याख्या बांधून दिल्या, तेव्हाच असेही निघाले की भरकटलेले बोलणे उन्मादाच्या रुग्णांतही सर्रास आढळते. २०१५ मध्ये ३४ तरुणांच्या मुलाखतींवरून पुढे मनोविकृती कोणास जडेल हे संगणकाने अचूक ओळखल्याचा गाजावाजा झाला; पण ती जडली होती अवघ्या ५ जणांस, आणि मुलाखती होत्या इंग्रजीत! ज्या यंत्राने ‘चहाबिहा’ कधी ऐकला नाही त्याला ‘बिहा’ हा रोग्याने रचलेला शब्द वाटला, तर दोष यंत्राचा नव्हे, त्यास पंच नेमणाऱ्यांचा. अंगात आलेली बाई परक्या आवाजात हुकूम सोडते आणि घटकाभराने चुलीपुढे भाकरी थापते. तिची नोंद कोणत्या रकान्यात करणार? तेराव्या शतकात रिद्धपूरचे काही लोक गोविंदप्रभूंना वेडे म्हणत आणि महानुभाव त्यांना ईश्वरावतार मानत. दोन्ही पक्षांनी ऐकले ते बोलणे एकच होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर समाजातील रूढ नैतिक वा धार्मिक मूल्यांशी न जुळणे, एवढ्यावरून आजार ठरवण्यास स्पष्ट मनाई केली आहे.

आमचे म्हणणे असे की बोलणे हा साक्षीदार आहे; त्याची जबानी अवश्य घ्यावी, मात्र घरच्यांशी रुजवात घातल्यावाचून निवाडा देऊ नये. कारण निर्णायक प्रश्न ‘कसे बोलतो’ एवढाच नसून ‘केव्हापासून’ हा आहे. स्वमग्न मुलाच्या बोलण्याचे वेगळेपण लहानपणापासूनचे असते; छिन्नमनस्क तरुण बहुधा वर्षानुवर्षे चारचौघांसारखा बोललेला असतो, आणि विशीच्या आगेमागे त्याची भाषा बिघडते. हा इतिहास घराखेरीज कोणत्याच दफ्तरात नसतो, आणि या भागात तर घरच दुभंगलेले असते. तेलगावाशेजारी साखर कारखाना असूनही या भागातली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मूल आजीजवळ राहते. ‘ह्याचा बाप बी उशिराच बोलला’ असे आजी म्हणते, आणि आईस निम्म्या वर्षाचे काही ठाऊक नसते. तरुणाचे बोलणे फडावर बिघडले तर मुकादमास तो कामचुकार वाटतो, देवऋषीस बाहेरची बाधा दिसते, आणि बदल नेमका केव्हा झाला हे सांगणारे कोणी उरत नाही.

स्वमग्नतेच्या भारतीय मापनश्रेणीत ४० कलमे आहेत. त्यांतील बोलण्यासंबंधीची अवघी ९. उरलेली ३१ नजर, खेळ, स्पर्श, वर्तन यांविषयी विचारतात. न बोलणाऱ्या मुलास ऐकू येते की नाही, हे तर त्याआधी तपासावे लागते. म्हणून ऊसतोडीची टोळी निघण्यापूर्वी आई आणि आजी या दोघींनी मिळून मुलास बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे, आणि तेथील डॉक्टरांनी दोघींचेही ऐकून घेतल्यावाचून कागदावर रोगाचे नाव लिहू नये.