काडतुसाचे गद्य आणि आकड्यांची भक्ती

शिकारीच्या वाङ्मयाची चर्चा आपल्या वर्गांतून होते तेव्हा ती ठरावीक दोन वाटांनी जाते. एक वाट जंगलाच्या वर्णनांची, दुसरी हिंसेच्या निषेधाची. मधली पाने, जिथे लेखक बंदूक, गोळी आणि दारू यांविषयी बोलतो, ती बहुतेक वाचक भराभर उलटतात. 'तांत्रिक' हा शब्द अशा वेळी आपल्या फार उपयोगी पडतो. आमचे म्हणणे असे की ही पाने उलटणे ही वाचनातली चूक आहे. अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवरील लेखनापुरते बोलायचे तर गंभीर चूक आहे. जनावर कसे मरणार हे त्याच पानांत ठरते. बाकीची पाने मागाहून हळहळतात किंवा फुशारकी मारतात.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि शिकार आपल्यापुरती बहुतांशी आठवणींत गेली. अमेरिकेत मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, लाखो माणसे आजही हरणाची शिकार करतात, आणि त्यांतले पुष्कळजण आपली काडतुसे घरी भरतात. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, साच्यात दाबून ती पुन्हा मूळ मापावर आणायची, बुडाशी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि तोंडाशी आपल्या पसंतीची गोळी बसवायची. तोलायचे माप ग्रेन. आपल्या गुंजेच्या साधारण निम्मे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सोनाराच्या सावधपणाने चाललेले हे काम आहे. त्यात दोन प्रश्न असतात: गोळी कोणती, आणि तिच्यामागे दारू किती.

या प्रश्नांवरून अमेरिकेत अर्धे शतक जे भांडण चालले ते साहित्याच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचण्याजोगे आहे. एका बाजूला जॅक ओकॉनर (१९०२–१९७८): अ‍ॅरिझोना विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारा प्राध्यापक, दोन कादंबऱ्यांचा लेखक, पुढे 'आउटडोअर लाइफ' मासिकाचा बंदूकविषयक संपादक. त्याचे प्रेम .२७० विंचेस्टरवर. हे काडतूस १९२५ मध्ये आले; गोळी अवघी सात मिलिमीटर जाडीची, पण वेगवान. दुसऱ्या बाजूला एल्मर कीथ (१८९९–१९८४): आयडाहोचा गुराखी, बेताचे शिक्षण, रांगडी भाषा. त्याचा विश्वास जाड, जड गोळीवर; कोणत्याही कोनातून लागली तरी आरपार गेली पाहिजे. एकाचे गद्य मोजके, किंचित उपरोधिक. दुसऱ्याचे चावडीवरच्या गप्पांसारखे. शैलीभेदाचा पाठ शिकवायला याहून चांगली जोडी क्वचितच मिळेल. असो.

वाद या दोघांशी नाही. आमचा वाद त्यांच्या अनुयायांशी आहे. दोघांनीही आपापले निष्कर्ष डोंगरांतून पायपीट करून काढले होते. अनुयायांनी त्यांतून फक्त आकडे उचलले. ओकॉनरच्या पंथाने गतिज ऊर्जेचा आकडा धरला. त्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे हलकी, वेगवान गोळी कागदावर नेहमीच थोर दिसते. कीथच्या पंथातल्या अनेकांनी जॉन टेलरचे सूत्र उसने घेतले. टेलर हा आफ्रिकेतला हस्तिदंताचा शिकारी. १९४८ च्या आपल्या पुस्तकात त्याने गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार मांडला, तो हत्तीच्या डोक्यावर घन गोळी आदळली तर तो कितपत बधिर होईल याची तुलना करण्यासाठी. तेच सूत्र आज मिशिगनच्या रानातल्या साठ-सत्तर किलोच्या हरणाला लावले जाते. संदर्भ तोडून वचन वापरणाऱ्या समीक्षकाची आपण जी खोड काढतो, तीच इथे काढायला हवी.

भाषेकडेही पाहावे. 'लोळवण्याची ताकद' हा या लेखनातला लाडका शब्दप्रयोग. हरणाला धक्क्याने लोळवील एवढा रेटा गोळीत असता तर चाप ओढणाराही उताणा पडला असता. न्यूटनला तेवढे कळत होते. जागच्या जागी कोसळणारे हरीण बहुधा मेंदू किंवा कणा दुखावल्याने कोसळते. फुफ्फुसांतून गोळी गेलेले हरीण पन्नास-शंभर यार्ड धावू शकते, आणि रक्तस्रावाने पडते. तेव्हा विचारायचे ते इतकेच की गोळी कुठे लागली, आत गेल्यावर ती कितपत उमलली आणि पलीकडे निघाली की नाही. सरकारी वन्यजीव खाती तर मारलेल्या हरणांची मोजदाद करताना 'पीक काढले' असा शब्द योजतात. जनावर मारले या साध्या वाक्याला टाळण्यासाठी एवढी भाषा खर्ची पडते.

आता मध्यम व्यासाची रायफल घ्या, कारण तिथे ही आकड्यांची भक्ती सर्वांत निरर्थक ठरते. .३५ रेमिंग्टन हे गेल्या शतकाच्या पहिल्या दशकातले काडतूस; .३५ व्हेलन १९२२ चे; .३५८ विंचेस्टर १९५५ चे. तिन्हींची गोळी नऊ मिलिमीटरहून किंचित जाड. म्हणजे .२७० च्या गोळीला उमलून जो व्यास गाठावा लागतो त्याच्या वाटेवर ही गोळी आरंभीच बरीच पुढे असते. तिला वेगाची ओढ कमी. तरीही घरी भरणारा माणूस पुस्तिकेतला कमाल आकडा पाहतो आणि तिथवर जाऊन थांबतो. सेकंदाला शंभर फूट वेग वाढल्याने दीडशे यार्डांवर गोळीच्या पडण्यात एक इंचाचाही फरक पडत नाही. दाट रानात तर हरीण पुष्कळदा त्याच्या निम्म्याहून जवळ असते. खांद्याला बसणारा हिसका मात्र वाढतो. हिसक्याच्या भीतीने माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, नळी हलते, आणि गोळी फुफ्फुसांऐवजी पोटात जाते. ते हरीण रात्रभर मरत राहते. सापडलेच तर त्याचे बरेचसे मांस वाया गेलेले असते.

म्हणून आमचा पक्ष सौम्य भरणाचा, आणि गोळी आधी निवडण्याचा. अडीचशे ग्रेनच्या पुष्कळ गोळ्या मूस आणि एल्क यांच्यासाठी घडवलेल्या असतात. हरणाच्या पातळ बरगड्यांत त्यांतली कडक गोळी न उमलताच पार निघून जाऊ शकते. १८० ते २०० ग्रेनची मऊ नाकाची गोळी हरणाला पुरते. प्रत्येक गोळीला उमलण्यासाठी किमान वेग लागतो, आणि पुस्तिकेतल्या किमान मापाखाली जाणेही धोक्याचे. सौम्य म्हणजे मनमानी नव्हे. नळीखालच्या लांब नळकांड्यात काडतुसे एकापुढे एक राहतात अशा मार्लिनसारख्या रायफलीत टोकदार धातूची गोळी भरू नये, हिसक्याने ती पुढच्या काडतुसाची टोपी पेटवू शकते. जड, संथ गोळी झुडपांतून न वळता जाते ही समजूत तर निव्वळ लोककथा आहे. फांदीला लागलेली कोणतीही गोळी वळते. चाचण्यांनी ते पुन्हा पुन्हा दाखवले आहे.

कोणी म्हणेल, ज्यांना शिकार मुळातच अमान्य त्यांनी भरणाच्या तोलामापात का पडावे? आक्षेप प्रामाणिक आहे. आमच्यातही यावर एकमत नाही. पण निषेध करून झाल्यावरही नोव्हेंबरमध्ये ती माणसे रानात जाणारच आहेत, आणि हरणाच्या वाट्याला येणारा फरक तासांचा की सेकंदांचा हे त्या टेबलावर ठरणार आहे.

आणि फरक केवळ हरणाच्या वाट्याचा नाही. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. वेग जितका जास्त तितके बहुधा अधिक. शिकारी रानात टाकून जातो ती आतडी कॅलिफोर्नियाचे काँडर गिधाड खाते. १९८२ मध्ये हे पक्षी जगात फक्त २२ उरले होते, आणि पुढे पैदास करून सोडलेल्यांच्या मृत्यूंत शिशाची विषबाधा हे मोठे कारण ठरले. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्णपणे बंद झाली. ओकॉनर आणि कीथ दोघेही तोवर गेले होते. त्यांचे आकडे पाठ असलेल्यांना आता तांब्याची गोळी भरावी लागते. तांबे शिशाहून हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि .३५८ च्या आखूड पुंगळीत दारूची जागा खाते. मग २०० ग्रेनवरून १८० वर उतरायचे, तराजू पुन्हा शून्यावर आणायचा, आणि किमान वेगाचा हिशेब नव्याने करायचा.