चित्रसंग्रह कोणाच्या नावाने मांडावा?

घरात पुस्तकांचे एक कपाट असावे, ही गोष्ट आपल्या समाजात आता वादाची राहिलेली नाही. त्या कपाटात काय असावे याविषयी मतभेद होतात, आणि ते होणे निकोपपणाचेच लक्षण आहे. चित्रपटांच्या कपाटाविषयी मात्र असा मतभेद होण्याइतकाही विचार आपण केलेला नाही. फिती गेल्या, तबकड्या आल्या. तबकड्या चालविणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि आता हातभर लांबीच्या कपाटात मावणारा संग्रह तळहाताएवढ्या पेटीत मावू लागला. साधने इतकी बदलली. पण काय जमवावे आणि का जमवावे, हा प्रश्न जेथे होता तेथेच आहे.

मराठी घरांतून असा संग्रह झालाच, तर तो बहुधा दोन रीतींनी झालेला दिसतो. पहिली रीत नटनटींच्या नावाने जमविण्याची. ती जुनी आहे, आणि तिच्यात लबाडी नाही. ज्याला जो आवडला त्याची चित्रे त्याने ठेवली. दुसरी रीत अलीकडची आणि स्वतःला अधिक शहाणी समजणारी. ती नटांना नाक मुरडते, दिग्दर्शकाला मान देते, आणि मग जगातील थोर दिग्दर्शकांची एक तयार यादी समोर ठेवते. कुरोसावा, बर्गमन, फेलिनी, हिचकॉक. भारताच्या वाट्याला एकटे सत्यजित राय. यादीत नाव काढून टाकावे असा एकही इसम नाही. आमची तक्रार निराळी आहे. जी यादी टोकियोतील घरात, टोरोंटोतील घरात आणि वाघोडियातील घरात एकच असते, ती यापैकी कोणाच्याही घरची नसते. तो संग्रह होत नाही. तो परीक्षेचा अभ्यासक्रम होतो.

दिग्दर्शकाच्या नावाने संग्रह मांडावा, हे या दुसऱ्या पक्षाचे मत आम्हास पूर्ण मान्य आहे. पण तो दिग्दर्शकांचा संग्रह आपल्या भाषेपासून सुरू व्हावा आणि परकी नावे त्यानंतर पाहुण्याच्या मानाने यावीत, असा आमचा आग्रह आहे. हा आग्रह भावनेचा नाही. आम्ही तो वाघोडियातून मांडीत आहोत, आणि येथे त्याला व्यवहाराचा आधार आहे.

बडोद्यापासून काही कोसांवरचा हा तालुका. एकेकाळी गायकवाडांच्या राज्यातील, आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखला जाणारा. नोकरीसाठी येथे आलेल्या मराठी कुटुंबातील मूल शाळेत व गल्लीत गुजराती ऐकते, बाजारात हिंदी ऐकते, आणि इंग्रजी त्याच्या आईबापांच्या महत्त्वाकांक्षेतून त्याच्या कानी पडते. मराठी ते ऐकते फक्त घरात, आणि तेही जेवणखाण, अभ्यास व रागावणे एवढ्यापुरते. शेतकऱ्याची मराठी, कीर्तनकाराची मराठी, वकिलाची, शाहिराची, भांडखोर सासूची मराठी त्याच्या कानी पडण्याचा मार्ग उरलेला नाही. पुस्तक हा मार्ग खरा, पण ज्याने भाषा कानांनी ऐकलेली नाही त्याला पुस्तकातील संवादांचा सूर लागत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात चित्रपटांचे कपाट हे भाषेचे कोठार आहे. पुण्यातील घराला ते नसले तरी चालेल. आपल्याला चालणार नाही.

आणि म्हणूनच निवड दिग्दर्शकाच्या नावाने व्हावी. नट एका चित्रात पाटील होतो, दुसऱ्यात डॉक्टर. पडद्यावरील माणसे कोणत्या बोलीत बोलतील, किती वेळ गप्प राहतील, त्यांच्या अंगणात कोणता आवाज ऐकू येईल, याचा जबाबदार मनुष्य एकच असतो. पुस्तकाला जसा लेखक, तसा चित्राला दिग्दर्शक.

आता कपाट पाहू. पहिले नाव धुंडिराज गोविंद फाळके यांचे. आणि या नावासाठी बडोदेकराने नाशिककडे किंवा मुंबईकडे पाहण्याची गरज नाही. सयाजीरावांनी 1890 मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात फाळके शिकले, आणि पुढे गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये मुंबईत झळकला; त्याच्यामागची हातांची शिकवण बऱ्याच अंशी आमच्या या मुलखातील आहे. बडोद्याच्या किती मराठी घरांतून फाळक्यांचे एक तरी चित्र आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावे. सुमारे 3,700 फूट लांबीच्या त्या पहिल्या चित्रातील 1,475 फूट एवढाच भाग आज मिळतो, आणि तोही 1917 च्या दुसऱ्या आवृत्तीतील असावा असे अभ्यासक म्हणतात. परंतु ‘कालिया मर्दन’ (1919) बराचसा शाबूत आहे. त्यात कृष्ण झालेली फाळक्यांची कन्या मंदाकिनी पाहून आजचे पोरही हसते. मूकपटात भाषा कोठली, असा प्रश्न येईल. उत्तर असे की भाषेआधी मुद्रा असते, आणि मराठी माणसाची मुद्रा पडद्यावर प्रथम त्यांनी आणली.

दुसरे नाव बाबूराव पेंटर यांचे. येथे संग्राहकाला हात चोळीत बसावे लागते. कोल्हापुरात त्यांनी 1925 साली केलेला ‘सावकारी पाश’ हा शेतकऱ्याच्या कर्जाची कथा सांगणारा मूकपट आज पाहावयास मिळत नाही. आमचे म्हणणे असे की, त्या नावाची एक जागा कपाटात रिकामी ठेवावी. मुलाने विचारले, की ही जागा रिकामी का, तर त्याला सांगावे, की भारतात हजाराहून अधिक मूकपट झाले आणि त्यांतील पूर्ण असे फार थोडे उरले. की पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (1931) याची एकही प्रत ज्ञात नाही. की 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा कोल्हापूरचा स्टुडिओ जळाला, आणि 2003 साली पुण्यात चित्रफितींच्या कोठाराला आग लागून जुना ठेवा नष्ट झाला. ज्याची काळजी कोणी घेत नाही ते जाते, हा धडा मुलाला त्या रिकाम्या जागेइतका स्पष्टपणे दुसरे काही शिकविणार नाही.

तिसऱ्या खणात प्रभात. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल या जोडीचा ‘संत तुकाराम’ (1936) व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाचे ते हे, की दामले प्रभातच्या ध्वनिविभागाचे प्रमुख होते. ज्याने माणसांचे बोलणे यंत्रातून दिवसेंदिवस ऐकले, त्याने हे चित्र केले. विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा आणि गौरीची जिजाई ही एका घरातील दोन माणसे वाटतात, कारण ती एकमेकांशी पाठ केलेले संवाद बोलत नाहीत. जिजाईचा त्रागा ऐकल्यावर मराठी स्त्रीच्या बोलण्यातील चीड आणि माया एका वाक्यात कशी नांदते, हे व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय कळते.

त्याच खणात शांताराम. त्यांच्या पुढच्या काळातील रंगांची आतषबाजी ज्याला आवडते त्याने ती ठेवावी. आम्ही ‘कुंकू’ (1937), ‘माणूस’ (1939) आणि ‘शेजारी’ (1941) ही तीन ठेवू. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही, घरातील आवाजच तेथे संगीताचे काम करतात, आणि शांता आपटे यांची नीरा जरठ नवऱ्याला नाकारते तेव्हा तिला कोणत्याही वाद्याची मदत लागत नाही. ‘शेजारी’तील हिंदू व मुसलमान म्हाताऱ्यांची मैत्री आणि तिचा नाश हे चित्र तर या जिल्ह्यात प्रत्येक घरी असावयास पाहिजे. कारण सांगण्याची जरुरी नाही.

पुढचे टप्पे भरभर सांगतो. आचार्य अत्रे यांचे ‘श्यामची आई’ (1953), ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. राजा परांजपे यांचे ‘लाखाची गोष्ट’ (1952) आणि ‘जगाच्या पाठीवर’ (1960). मध्यमवर्गाच्या हजरजबाबी मराठीचा एवढा चांगला नमुना दुसरा नाही. जब्बार पटेल यांचे ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ठाकरांच्या जगात नेणारे ‘जैत रे जैत’. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे ‘दोघी’, ‘देवराई’, ‘कासव’. नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ (2013), ज्यातील कैकाडी कुटुंब घरात आपल्या भाषेत बोलते आणि बाहेर पडताच मराठीत. मराठी ही सुद्धा कोणाला तरी परकी आणि जड वाटते, हे प्रमाणभाषेच्या अभिमान्यांनी एकदा ऐकावेच. आणि चैतन्य ताम्हाणे यांचे ‘कोर्ट’ (2014). त्यात शाहीर मराठी आहे, सरकारी वकील मराठी आहे, आणि शाहिराचा बचाव करणारा वकील गुजराती घरातला आहे. मुलांना जुनी चित्रे आवडत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी वाघोडियातील मुलाला हे चित्र दाखवावे. चार भाषांतून रोज इकडून तिकडे जाणारे स्वतःचे जगच त्याला तेथे भेटेल.

कोकणी वाचकाचा खण वेगळा आणि लहान आहे. पण तो रिकामा नाही. अल जेरी ब्रागांझा यांनी 1950 साली ‘मोगाचो आंवड्डो’ने सुरुवात केली. पुढे ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) आली. येथे आमच्या नियमाला एक अडचण येते, ती लपवीत नाही. या दोन्ही चित्रांचे दिग्दर्शक ए. सलाम, परंतु गोंयकार त्यांना निर्माते फ्रँक फर्नांड यांची चित्रे म्हणून ओळखतो. मग चिठ्ठी कोणाच्या नावाची लावावी? आमच्या मते दोघांच्या. नियम आंधळेपणाने पाळण्यासाठी नसतो. चित्रामागचा माणूस शोधण्यासाठी असतो. लक्ष्मीकांत शेटगावकर यांचे ‘पलतडचो मुनीस’ (2009) हे टोरोंटोत समीक्षकांचे पारितोषिक मिळविणारे चित्र महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर आहे, आणि सैल हे मराठी व कोकणी या दोन्ही भाषांत लिहिणारे. ज्या दोन भाषांच्या भांडणात आपण निम्मे आयुष्य घालविले, त्या दोन्ही एका लेखणीत सुखाने राहतात, याचा पुरावा घरात असू द्यावा. बार्द्रॉय बार्रेटो यांचे ‘नाचूं-या कुंपासार’ त्याच्या शेजारी ठेवावे.

यानंतर शेजाऱ्यांचा मान. गुजरातेत राहून केतन मेहता यांची ‘भवनी भवाई’ (1980) ज्याच्या घरी नाही, त्याने कुरोसावाची ऐट मिरवू नये. श्याम बेनेगल यांचे ‘मंथन’ (1976) हिंदीत आहे, पण ते गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभे केले. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि पडद्यावर स्मिता पाटील. मराठी आणि गुजराती माणसांनी मिळून काय करता येते याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला आठवत नाही. आणि मग अवश्य राय यावेत, कुरोसावा यावेत. ज्याच्या घरी यजमान आहे, त्याच्याच घरी पाहुणा शोभतो.

दोन आक्षेपांना उत्तर देणे प्राप्त आहे. पहिला: सर्व काही फोनवर मिळते, मग जमवावयाचे कशाला? मिळते ते भाड्याने मिळते. हक्कांचा करार संपला की चित्र एका रात्रीत नाहीसे होते, आणि ते का गेले हे विचारण्याची खिडकीही कोठे नसते. वाचनालयाने पुस्तक दिले म्हणून कोणी घरची गाथा रद्दीत घालीत नाही. विकत मिळते ते रास्त दाम देऊन घ्यावे, चोरीच्या प्रतींनी कपाट भरू नये; आणि जे विकतच मिळत नाही त्यासाठी हक्कदारांना पत्र लिहावे. मागणी नाही म्हणून काढीत नाही, असे ते म्हणतात. आणि मिळत नाही म्हणून मागत नाही, असे आपण म्हणतो. या दोन वाक्यांच्या मध्ये चित्रे मरत आहेत.

दुसरा आक्षेप: चित्रपट ही करमणूक, तिला ग्रंथालयाचा थाट कशाला? हा आक्षेप कोठेही शोभेल, बडोद्यास शोभत नाही. या संस्थानात ग्रंथालय खात्याने पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांतून फिरविल्या, आणि त्याच खात्याच्या दृक्शिक्षणाच्या शाखेने पडद्यावरील चित्रे खेड्यांतील लोकांना दाखविली. चित्र आणि ग्रंथ एकाच पंक्तीला बसविण्याचा हा निर्णय शंभर वर्षांपूर्वी येथे झालेला आहे. आज आपल्याला खाते लागत नाही, पेटी लागत नाही, बैलगाडी लागत नाही. दहा कुटुंबांनी प्रत्येकी एकेका दिग्दर्शकाची जबाबदारी उचलावी, घेतलेल्या प्रती दर दोन वर्षांनी चालतात की नाही ते तपासावे, आणि महिन्यातून एका रविवारी आळीपाळीने एकेकाच्या घरी मुलांसह बसून एक चित्र पाहावे. दहा कुटुंबे वाघोडियात नक्कीच आहेत. ती एकमेकांना ओळखत नसतील, तर ओळख करून घेण्यास ‘संत तुकारामा’हून चांगले निमित्त कोणते?