क्षेत्रभेट पाठ करून होत नाही

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’ आहे. नळदुर्गची मुलं बसने थेट अलिबागपर्यंत जातात आणि वाटेत बदलत जाणारी जमीन, पिकं, घाट, शेवटी समुद्र पाहतात. धडा खरोखर चांगला आहे. पण बहुतेक शाळांत तो बाकावर बसूनच पूर्ण होतो. क्षेत्रभेटीची गरज काय, भेटीत कचऱ्याचं काय करायचं, कारखाना पाहायला जाताना कोणते प्रश्न तयार ठेवायचे, याची उत्तरं गाइडमध्ये तयार असतात. कारखान्याचं फाटकही न पाहिलेलं मूल कारखान्यासाठी प्रश्नावली लिहितं आणि पूर्ण गुण घेतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रोग्राम एकदाही न चालवता त्यावर ‘तपासला’ असा शेरा मारला, तर नोकरी जाईल.

सहली निघत नाहीत असं नाही. निघतात, पण वॉटर पार्कला. मुलांनी मजा करू नये असं कोण म्हणेल? फक्त त्या सहलीचा इतिहास-भूगोलाशी संबंध नसतो, एवढंच.

मग आपल्या मुलांपर्यंत इतिहास येतो कुठून? मोबाइलवरून. तीस सेकंदांच्या व्हिडिओत एक बादशहा, एक तलवार आणि मागे जोरात संगीत. मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या एका कबरीवरून नागपुरात दंगल उसळली. ज्यांनी ते गाव कधी पाहिलं नाही, तेही त्या कबरीबद्दल तावातावाने बोलत होते. त्याच खुलताबादेत मलिक अंबरचीही कबर आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. या एका लढाईत कोण कुणाच्या बाजूने होतं याचा तक्ता नववीच्या मुलांना करायला सांगा. ‘ते’ आणि ‘आपण’ अशा दोन रकान्यांत तो बसत नाही, हे त्यांचं त्यांनाच कळेल.

या शहरात एका सकाळी पायी काय काय पाहता येतं ते बघा. पाणचक्की: बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, डोंगरातून जमिनीखालून नळाने आणलेल्या पाण्याच्या जोरावर फिरणारं जातं. पाणी उंचीवर चढतं कसं, हा विज्ञानाचा प्रश्न. पीठ कुणासाठी दळलं जायचं, हा समाजशास्त्राचा. तिथून भडकल दरवाजा, मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधलेला. त्याच्याजवळ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालयही याच भागात. चारशे वर्षं एका सकाळीत, तिकिटाचा खर्च नगण्य.

मात्र नुसतं फिरवून आणणं पुरेसं नाही, आणि आमचा खरा मुद्दा इथून सुरू होतो. या शहरात, मालेगावात, भिवंडीत, परभणीत मराठी माध्यमाची आणि उर्दू माध्यमाची शाळा कित्येकदा दोन गल्ल्यांच्या अंतरावर असते. बालभारतीचं पुस्तक एकच, फक्त भाषा वेगळी. दहावीपर्यंत ही मुलं एकमेकांशेजारी एकदाही बसत नाहीत. त्यांची क्षेत्रभेट एकत्र काढा.

१९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गावर्गांत तणाव होता. मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरनसन आणि सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा हवा असेल तर दुसऱ्याचं ऐकावंच लागे. ‘मिळून मिसळून राहा’ असं सांगण्यापेक्षा ही रचना जास्त उपयोगी पडली. ‘जिगसॉ’ नावाने ती आजही वापरली जाते.

आपल्याकडे हे तुकडे आयतेच आहेत. जुन्या शिलालेखावरची फारसी अक्षरं उर्दू शाळेतली मुलगी जुळवून वाचेल, अर्थ लागला नाही तरी. दरवाजा, शहर, जमीन, अर्ज हे शब्द आपल्याच भाषेत कसे आले, हे मराठी शाळेतला मुलगा तिच्या मदतीने शोधेल. म्हाताऱ्या दुकानदाराची मुलाखत दखनीत होईल, अहवाल दोन्ही लिपींत. एकट्या शाळेला तो पूर्ण करताच येणार नाही.

अडचणी आहेत. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली मुलं बुडाली. तेव्हापासून सहल म्हटलं की मुख्याध्यापकांना धास्ती वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही. आपल्या घरांतून मुलींना मुक्कामी पाठवत नाहीत, हेही खरं. ही परवानगी मिळायलाच हवी, पण तोवर त्यांचं शिक्षण का अडावं? म्हणूनच चालत जाऊन दुपारच्या आत परत येण्यासारखी भेट आम्ही सुचवतो. सोबत दोन्ही शाळांच्या शिक्षिका असाव्यात. दहावीला बोर्डाचं ओझं असतं, त्यामुळे आठवी-नववीपासून सुरुवात करणं बरं.

दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होईल. ज्या वाचकांची मुलं या वर्गांत आहेत त्यांनी आधी आपल्या मुख्याध्यापकांना आणि मग पलीकडच्या गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं. जाताना जागेचं नाव, चालण्याचा रस्ता आणि मुलांना द्यायची चार कामं एका कागदावर लिहून न्यावीत.