भराव ओलांडणाऱ्या गाई

एडवर्ड हॉपर या अमेरिकी चित्रकाराचे ‘अमेरिकन लँडस्केप’ हे १९२० सालचे एचिंग जेमतेम फूटभर रुंद आहे. रेल्वेचे चित्र म्हटले की इंजिन, धूर, गर्दी यांची अपेक्षा असते. इथे गाडीच नाही. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रुळांचा भराव आडवा गेला आहे आणि काही गाई तो चढून पलीकडे निघाल्या आहेत. पलीकडे एक घर आहे, पण त्याचा तळ भरावाआड गेला आहे. थोडी गडद झाडी, आणि वर नुसता कोरा कागद. त्यालाच आपण आकाश समजतो. आपल्या चिमूर भागातल्या माणसांनी हे चित्र सावकाश पाहावे, असे मला फार वाटते.

एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेघा ओढतात. थर जिथे खरवडला जातो तिथे आम्ल पत्रा खाते. त्या खाचांत शाई भरून दमट कागदावर दाबाने ठसा घेतात. हॉपरने १९१५ च्या सुमारास हे तंत्र हाती घेतले. ठसे तो स्वतः काढी, आणि मिळेल तितका पांढरा कागद व मिळेल तितकी काळी शाई त्याला हवी असे. त्या हट्टाचे फळ या चित्रात दिसते. गवत, माती, गाईचे अंग, सगळे एकाच जातीच्या बारीक रेघांनी उभे राहते. रंग असता तर आधी हिरवे कुरण दिसले असते, मग गाई, आणि भराव कदाचित शेवटी. इथे डोळा पहिल्यांदा त्या आडव्या पट्ट्यावरच आदळतो. गाईंची वाट एका दिशेची, रुळांची दुसऱ्या. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथेच काय ती चित्रातली हालचाल. गाडी न काढता रेल्वेने जमिनीचे काय केले ते हॉपरने दाखवले, आणि मला त्याची आधुनिकता या गाळून टाकण्यात दिसते. पुढे १९२५ मध्ये त्याने ‘हाऊस बाय द रेलरोड’ हे तैलचित्र केले. तिथेही रुळांनी घराचा पायथा कापला आहे. ते चित्र १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेले आणि गाजले. मला मात्र हे लहान काळेपांढरे जास्त खरे वाटते, कारण यात कुणाला तरी भराव चढावा लागतो आहे.

आपल्याकडे तो कोण चढतो? नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर–गोंदिया मार्गावर, चिचपल्लीजवळ जुनोनाच्या जंगलात, वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. बातमीसोबत रुळांचे फोटो आले, हळहळ झाली, आणि विषय मागे पडला. नागपूर–नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली ती ब्रॉडगेज करण्यासाठी. ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्यामधल्या पट्ट्यातून जाणारा हा मार्ग. ब्रॉडगेजला भराव अधिक रुंद लागतो आणि गाड्याही अधिक वेगाने धावतात. चिमूरला अजून रेल्वे नाही. वरोरा–चिमूर–कान्पा मार्गाची मागणी जुनी आहे, आणि ती रास्त आहे. दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, धानाच्या वाहतुकीसाठी इथल्या लोकांना गाडी हवी आहे आणि ती मिळालीच पाहिजे. म्हणूनच भरावाकडे आत्ता नीट पाहायला हवे, बांधून झाल्यावर नव्हे.

मुंबई-ठाण्याच्या रेल्वेला तिचे चित्रकार मिळाले. ठाण्यात डॉक्टरकी करत सुधीर पटवर्धनांनी लोकलची, रुळांकाठच्या वस्तीची आणि कामगारांची मोठी तैलचित्रे केली. आपल्या या झाडीपट्टीतल्या रुळांकडे त्या तोडीची नजर अजून वळायची आहे. धानाच्या बांध्या, बोडी, मोहाची झाडे आणि त्यांच्यामधून सरळ गेलेला खडीचा ढीग, हे दृश्य काळ्या शाईसाठीच आहे. उन्हाळ्यात पानगळ झाली की इथले जंगल स्वतःच रेघांचे होते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करताना आपली मुले ‘रेल्वे स्टेशन’चे स्मरणचित्र गिरवतात: फलाट, हमाल, चहावाला, आणि वर निळा वॉश. इथल्या अनेक मुलांनी फलाट क्वचितच पाहिलेला असतो. गुरे कुठून पलीकडे जातात हे मात्र त्यांना पाठ असते. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांना एखाद्या फाटकाजवळ, रुळांपासून दूर, पेन्सिल आणि काळी शाई घेऊन बसवावे. गुरांची वाट कुठे चढते, पाण्याची मोरी कुठे आहे, रानडुकरांचे माग कुठे उमटतात, एवढेच काढायला सांगावे. नव्या मार्गाच्या आखणीसाठी अभियंत्यांचे नकाशे मांडले जातील तेव्हा ही चित्रेही त्याच टेबलावर ठेवावीत, कारण प्राण्यांसाठी भुयारी वाट कुठे द्यायची ते अशाच टेबलावर ठरते.