जहाजवाल्यांचा संघ आणि आपली वर्गणी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा, ठिबक यांवर लिहावे, बोटींशी त्याला काय करायचे आहे, असे कोणाच्याही मनात येईल. पण यंदा आम्ही गटवार मेळाव्यांत हिंडलो तेव्हा बेण्याइतकीच चर्चा एका वेगळ्याच विषयावर झाली. कारखाना गाळपाच्या टनावर संघाला जी वर्गणी भरतो ती कशासाठी, हा प्रश्न बहुतेक गावांत निघाला. "मुंबईचा संघ, दिल्लीचा महासंघ, त्यांनी आमच्या बांधावर येऊन केलं काय?" असे एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ विचारले. येत्या वार्षिक सभेत वर्गणी बंद करण्याचा ठराव आणणार, असेही काही जणांनी बोलून दाखवले.

ठराव आणणे हा सभासदांचा हक्क आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र हात वर करण्यापूर्वी एका धंद्याकडे जरा पाहावे, अशी विनंती आहे. हा धंदा आपली साखर परदेशी नेतो. त्यातली माणसे आपल्याहून कितीतरी श्रीमंत आहेत, आणि तरीसुद्धा आपल्या संघटनांची वर्गणी ती पिढ्यान्‌पिढ्या भरत आली आहेत. तो धंदा म्हणजे जहाजांचा.

बोटीचा नंबर आणि गाडीचा नंबर

२०२१-२२ च्या हंगामात आपल्या देशातून सुमारे ११० लाख टन साखर परदेशी गेली आणि तीत महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. जून २०२२ पासून सरकारने निर्यातीवर बंधन घातले व पुढची निर्यात सरकारी परवानगीवर गेली. पण निर्यात थोडी असो की फार, साखरेचे पोते बंदरात पोचले की ते वेगळ्या जगात जाते. त्या जगातले पुष्कळसे नियम कोणत्याही एका सरकारने केलेले नाहीत. ते व्यापाऱ्यांच्या आणि जहाजवाल्यांच्या संघटनांनी बसून लिहिलेले आहेत.

उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. ऊस तोडला, गाडी भरली, काट्यावर नंबर लावला आणि गव्हाण बंद पडली. उन्हात वाळलेल्या उसाच्या वजनाचा तोटा कोणाचा? दर हंगामात हा वाद होतो आणि बिचाऱ्या चिटबॉयच्या अंगावर येतो. बोटीचेही असेच आहे. बोट धक्क्याला उभी राहिली की तिचा दिवसाचा खर्च चालू होतो. म्हणून माल भरायला किती दिवस, हे करारात लिहिलेले असते. जादा दिवस लागले तर माल भरणाऱ्याने दर दिवसाला डेमरेज भरायचे.

आता समजा, २०,००० टन साखर भरायची आहे आणि करारात दिवसाला २,००० टन असा वेग ठरला आहे. म्हणजे दिवस झाले दहा. प्रत्यक्षात लागले चौदा, कारण दोन दिवस पाऊस पडला. पावसात साखरेची पोती भरता येत नाहीत, बोटीच्या पोटावरची झाकणे बंद करावी लागतात. मग पावसाचे दोन दिवस कोणाच्या खात्यावर? डेमरेज दिवसाला १५,००० डॉलर धरले, तर चार दिवसांचे होतात ६०,००० डॉलर आणि दोन दिवसांचे ३०,०००. एका शब्दाच्या अर्थावर निम्म्या रकमेचा फरक पडतो.

हा शब्द म्हणजे 'वेदर वर्किंग डे', हवामानामुळे काम न अडलेला दिवस. त्याचा आणि अशा इतर शब्दांचा अर्थ २०१३ साली चार संस्थांनी एकत्र बसून लिहून काढला. कोपनहेगनची बिम्को, लंडनचे बाल्टिक एक्स्चेंज, जहाज दलालांच्या देशोदेशींच्या संघांचा महासंघ फोनास्बा आणि सागरी कायद्याची जुनी समिती सी.एम.आय., या त्या चार. करारात त्या व्याख्यांचा नुसता उल्लेख केला की दोघांनाही त्या लागू होतात. साखरेच्या वाहतुकीसाठी तर 'शुगर चार्टर पार्टी १९९९' असा वेगळा छापील करारनामाच आहे. व्यापाऱ्याचे भाडे आणि डेमरेज वाढले की तो कारखान्याच्या दारात दर कमी देतो. म्हणजे कोपनहेगनात नाहीतर लंडनमध्ये लिहिलेल्या ओळीची झळ फिरत फिरत आपल्या साखरेच्या भावापर्यंत येते.

लाकूड वाहणाऱ्यांची एकी

यातली बिम्को कशी जन्मली ते पाहण्यासारखे आहे. बाल्टिक आणि श्वेत समुद्रातून लाकूड वाहून नेणारे जहाजमालक एकमेकांच्या खाली भाडे बोलून स्वतःचेच नुकसान करून घेत होते. आपल्याकडे गुऱ्हाळवाले आणि कारखाने उसासाठी ओढाताण करतात, त्याच्या अगदी उलटा प्रकार. १९०५ साली ही मंडळी कोपनहेगनला जमली आणि किमान भाड्यावर त्यांनी एकमत केले. पुढे नुसत्या भाड्यावर न थांबता त्यांनी करारनाम्यांचे नमुने तयार करायला घेतले. १९२२ सालचा 'जेनकॉन' हा त्यांचा नमुना वेळोवेळी दुरुस्त होत आजही वापरात आहे. त्याची शेवटची दुरुस्ती २०२२ सालची. आज जगातल्या निम्म्याहून अधिक टनेजची जहाजे या संस्थेच्या सभासदांची आहेत.

शंभर वर्षे एकच कागद सुधारत बसणे हे काम डोळ्यांत भरणारे नाही. त्याचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. पण भांडण होते तेव्हा हाच कागद टेबलावर येतो, आणि तो ज्यांनी लिहिला त्यांचा विचार त्यात आधीच झालेला असतो.

मोठ्या धनिकांची भिशी

जहाजवाल्यांची दुसरी संस्था तर आपल्या सहकाराची सख्खी बहीण शोभेल. तिला पी. अँड आय. क्लब म्हणतात. बोटीवरचा खलाशी जखमी झाला, तेल सांडले, माल भिजला, बोट बुडून बंदराचा रस्ता अडला, तर भरपाई प्रचंड असते. एवढा विमा साध्या विमा कंपन्या देईनात, तेव्हा १८५५ साली इंग्लंडात जहाजमालकांनी आपसांत मंडळी काढली. सर्वांनी वर्गणी भरायची, ज्याचे नुकसान होईल त्याला त्यातून द्यायचे. विमा घेणारेही तेच आणि देणारेही तेच. बाहेरच्या भागधारकाला लाभांश वाटायचा प्रश्नच नाही. संचालक मंडळावर मुख्यतः सभासद जहाजमालकच.

आज असे बारा मोठे क्लब एकत्र आहेत आणि जगातल्या समुद्रगामी टनेजपैकी सुमारे ९० टक्के त्यांच्याकडे आहे. आपला हंगामाचा हिशेब १ ऑक्टोबरपासून चालतो, त्यांचे वर्ष २० फेब्रुवारीला सुरू होते. बाल्टिकचा बर्फ वितळून बोटी निघण्याचा तो काळ, म्हणून ही तारीख पडली असे सांगतात. वर्षअखेर नुकसान अंदाजापेक्षा जास्त निघाले तर क्लब सभासदांकडून जादा वर्गणी मागू शकतो. एका क्लबावरचा बोजा एक कोटी डॉलरच्या वर गेला, की वरचा भार बाराही क्लब वाटून घेतात आणि त्याच्याही वर एकत्र घेतलेला पुनर्विमा असतो.

२६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर येथे 'डाली' नावाचे मालवाहू जहाज पुलाला धडकले, पूल कोसळला आणि पुलावर काम करणारे सहा कामगार मरण पावले. त्या बोटीवरचे बहुतेक खलाशी आपले भारतीय होते. ही बोट ब्रिटानिया क्लबाकडे नोंदलेली होती, आणि ब्रिटानियाचे मूळ १८५५ च्या त्या पहिल्या मंडळीत आहे. अशा वेळी बाराही क्लबांची व्यवस्था कामाला लागते. त्या रात्री स्वतःच्या बोटी सुखरूप असलेल्या मालकांनीही आधी वर्गणी भरलेली असते, म्हणूनच हे शक्य होते. "माझी बोट कुठे बुडाली, मी कशाला भरू?" असे तिथे कोणी म्हणू लागला तर क्लब एका वर्षात बंद पडेल.

एकीची दुसरी बाजू

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक एकी चांगलीच असते असे नाही. १८७५ साली इंग्लंड-कलकत्ता मार्गावरच्या कंपन्यांनी आपसांत भाडी ठरवून घेतली. त्याला कॉन्फरन्स म्हणत. लवकरच त्यांनी एक युक्ती काढली. व्यापाऱ्याने ठराविक महिने सगळा माल आमच्याच बोटींनी पाठवायचा, भाड्यातली सूट लगेच मिळणार नाही. पुढचे काही महिनेही इमान राखले तरच ती हातात पडेल. एकदा जरी दुसऱ्याच्या बोटीत माल टाकला की मागची सगळी सूट गेली. अडकलेल्या पैशाने माणूस कसा बांधला जातो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

परकीय कंपन्यांच्या या जोरापुढे आपले लोक एकेकटे उभे राहिले. व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिनला स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. समोरच्या ब्रिटिश कंपनीने तिकिटे जवळजवळ फुकट केली, वर उतारूंना छत्र्या वाटल्या, असे सांगतात. स्वदेशी कंपनी काही वर्षांतच बुडाली. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. तिच्यामागे नरोत्तम मोरारजी यांच्याबरोबर सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद होते. रावळगाव आणि वालचंदनगरची साखर ज्यांनी उभी केली तेच हे वालचंदशेठ. पण दर पाडण्याच्या लढाईत सिंदियालाही नमते घ्यावे लागले. १९२३ च्या कराराने दहा वर्षांसाठी तिच्या टनेजवर मर्यादा पडली आणि परदेशी वाहतूक तिला बंद झाली.

त्यानंतर १९२९ साली मुंबईत भारतीय जहाजमालकांची संघटना, आजची इन्सा, स्थापन झाली. किनाऱ्याची वाहतूक भारतीय बोटींसाठी राखून ठेवावी, या मागणीसाठी कायदेमंडळात आणि बाहेर वर्षानुवर्षे भांडण चालले. स्वातंत्र्यानंतर ते धोरण आले आणि १९५८ च्या कायद्यात त्याला आधार मिळाला. सिंदियाच्या बोटी आज समुद्रावर नाहीत, इन्सा मात्र आहे.

आणि ते कॉन्फरन्सवाले? युरोपात त्यांना भाडी ठरवण्याची जी कायदेशीर सवलत होती ती ऑक्टोबर २००८ मध्ये संपली. माल पाठवणाऱ्यांच्या संघटनांनी ती बंद व्हावी म्हणून दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. म्हणजे एका संघटनेची मनमानी मोडायलाही दुसरी संघटनाच लागली.

मग वर्गणीचे काय?

आमचे मत आम्ही स्पष्ट लिहितो. वर्गणी बंद करू नये. आपला कारखाना एकटा दिल्लीत गेला तर त्याला बाकावर बसवून ठेवतील. साधी गोष्ट आठवा. उसाला किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम म्हणजे नफाच, असे धरून सहकारी कारखान्यांवर प्राप्तिकराच्या नोटिसा येत होत्या. आपल्या कारखान्यांच्या डोक्यावर ही टांगती तलवार कित्येक वर्षे होती. संघ आणि महासंघ यांनी त्याचा पाठपुरावा सोडला नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांसाठी सवलत मिळाली. देशभरातल्या सहकारी कारखान्यांना मिळून ती सुमारे १०,००० कोटी रुपयांची असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. तो कर भरावा लागला असता तर कोणाच्या उसाच्या बिलातून गेला असता?

पण मेळाव्यात विचारलेला प्रश्न चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. जहाजवाले वर्गणी भरतात ते डोळे मिटून नाही. बिम्कोच्या समित्यांवर कंपन्या आपली जाणती माणसे पाठवतात, आणि करारातल्या एका कलमावर महिनोन्‌महिने खल होतो. आपल्याकडे संघावर प्रतिनिधी निवडून गेला की तो कोणत्या बैठकीला हजर होता, काय बोलला, हे सभासदाला कळत नाही. न कळणाऱ्या गोष्टीला माणूस पैसे का देईल?

म्हणून ठराव आणणाऱ्या सभासदांना आमची सूचना आहे. ठराव मागे घेऊ नका, बदला. 'वर्गणी बंद करावी' याऐवजी असे लिहा : 'संघ व महासंघावरील कारखान्याच्या प्रतिनिधीने दर सहा महिन्यांनी लेखी अहवाल द्यावा. किती वर्गणी गेली, किती बैठका झाल्या, आपल्या वतीने काय मागितले व काय पदरात पडले, हे या वार्तापत्रात छापावे.' निर्यातीच्या करारात डेमरेज आणि पावसाचे दिवस कोणाकडे आहेत, हाही प्रश्न त्यातच विचारावा. कारखाना जागेवरच साखर विकत असला तरी विचारावा.

तोडणीच्या टोळीला नंबर चुकला तर आपण रात्री दहा वाजता गटऑफिसचे दार वाजवतो. तेवढीच चौकशी आपल्या वर्गणीचीही झाली पाहिजे. वार्षिक सभेला जरूर यावे.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी