‘सीबीडी’तले बेलापूर

बेलापूर हे मुळात एका गावाचे नाव. खाडीकाठचा किल्ला, भातशेती, मिठागरे आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदणारा आगरी-कोळी समाज ही त्या नावाची ओळख. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई आखली गेली आणि या नावामागे तीन इंग्रजी अक्षरे येऊन बसली. ‘सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट’ ही नगररचनेतली एक सामान्य संज्ञा. परंतु तिचे आद्याक्षरी रूप येथे विशेषनाम झाले. ‘सीबीडीला उतरतो’ हे वाक्य लोकलमधल्या प्रवाशाला लगेच कळते. लंडनच्या माणसाला त्याचा बोध होणार नाही.

इंग्रजी जगभर पसरली ती अशीच, जागोजागी नवे रूप घेत. अमेरिकेने १८२८ मध्ये वेबस्टरच्या शब्दकोशाद्वारे आपले वेगळेपण ठसवले. ऑस्ट्रेलियाने १९८१ मध्ये मॅक्वारी हा स्वतःचा कोश सिद्ध केला. सिंगापुरात चिनी, मलय आणि तमिळ यांच्या सहवासातून ‘सिंग्लिश’ जन्मली. ती लोकांच्या तोंडून जावी म्हणून तेथील सरकारने २००० साली शुद्ध इंग्रजीची मोहीम काढली. पण लोकांनी तिला सोडले नाही. या साऱ्या प्रक्रियेची शास्त्रशुद्ध मांडणी करणाऱ्यांत अग्रणी होते ते श्रीनगरमध्ये जन्मलेले काश्मिरी पंडित ब्रज काचरू. इंग्रजीची मालकी केवळ ब्रिटन-अमेरिकेची नाही, जो तिला घडवतो त्याचीही ती आहे, हे त्यांनी पाश्चात्त्य विद्यापीठात बसून ठामपणे सांगितले. भारतीयांनी घडवलेला ‘प्रीपोन’ आज कोशात आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाने आपली ‘चाळ’ही सामावून घेतली.

यात अभिमान वाटावा असे काही आहेच. प्रश्न निराळा आहे. इंग्रजी इतरांचे शब्द घेते तेव्हा ती इंग्रजीच राहते. ‘चाळ’ तिच्या घरी जाते आणि तिच्या व्याकरणाचे नियम पाळते. आपल्याकडे काय होते? ‘स्टेशनावर’, ‘टेबलाखाली’ म्हणणाऱ्या पिढीने पाहुण्या शब्दांना मराठी प्रत्यय लावून घरचे करून टाकले होते. तो व्यवहार निरोगी होता. आज नामांबरोबर क्रियापदेही जात आहेत. ‘वेट कर’, ‘ट्राय केलं’, ‘फील झालं’ या वाक्यांत मराठीच्या वाट्याला केवळ ‘कर’ आणि ‘झालं’ उरते. पाहुणा ओसरीवर बसला तर घराची शोभा वाढते. त्याने स्वयंपाकघराचा ताबा घेतला तर ते घर यजमानाचे राहत नाही.

ही चिंता नवी नाही. फारसीच्या आक्रमणात राज्यकारभाराची भाषा हरवते आहे, हे छत्रपती शिवरायांनी ओळखले आणि रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तेच कार्य पुढे नेले. त्यांच्या भाषाशुद्धीची त्या काळी थट्टा झाली. आज मात्र नवी मुंबई महापालिकेच्या बेलापुरातील मुख्यालयात ‘महापौर’ हा शब्द उच्चारताना कोणालाही हसू येत नाही. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जे पाच शेतकरी गोळीबाराला बळी पडले, त्यांना हा परिसर ‘हुतात्मे’ म्हणतो. तो शब्दही सावरकरांचाच. त्या लढ्यानंतर प्रकल्पग्रस्तांच्या पदरात जे पडले, त्याचे नाव लोकांच्या तोंडी ‘साडेबारा टक्के’ असेच आहे. ज्या गोष्टीसाठी माणूस रक्त सांडतो, तिला तो आपल्याच भाषेत हाक मारतो.

आता त्याच घरांतली नातवंडे ‘साडेबारा म्हणजे किती?’ असे विचारू लागली, तर दोष कोणाचा? मॅकॉलेच्या १८३५ च्या टिपणाकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण मॅकॉले आपल्या घरी प्रवेशअर्ज भरायला येत नाही. २०१८ मध्ये संघाच्या प्रतिनिधी सभेने भारतीय भाषांच्या संरक्षणाचा ठराव केला. २०२० च्या शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ठराव, धोरण, दर्जा, सारे झाले. ठरावाला हात वर करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची मुले मराठी शाळेत जातात, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःलाच विचारावयाचा आहे. शासनालाही एक सांगणे आहे. राजभाषा अधिनियमाला १९६४ पासून सहा दशके लोटली. पण परिपत्रकातली मराठी इतकी क्लिष्ट की नागरिकाला इंग्रजी अर्ज जवळचा वाटतो. सावरकरांचे शब्द टिकले ते सुटसुटीत होते म्हणून, याचे विस्मरण नको.

इंग्रजी अवश्य शिकावी, उत्तम शिकावी आणि न्यूनगंड न बाळगता आपल्या ढंगात बोलावी. सिंगापूरच्या माणसाला जे जमले ते आपल्यालाही जमेल. परंतु परक्या भाषेला आपला ढंग तोच देऊ शकतो, ज्याच्यापाशी स्वतःचा ढंग शिल्लक आहे. म्हणून मुलाला अंक मराठीत मोजायला, क्रियापद मराठीत वापरायला घरीच शिकवावे लागेल. स्थानकाच्या फलकावर ‘सीबीडी’ खुशाल राहो. तिच्याशेजारचे बेलापूर पुसले जाणार नाही, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.